मॅडिसनचीं टिपणें : एका बाडाची परीक्षा

१. उत्तर अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा चौथा अध्यक्ष जेम्स मॅडिसन (इ. स. १७५१–१८३६) याच्या कीर्तीचा मोठा भाग एका हस्तलिखितावर आधारलेला आहे. इ. स. १७८७ च्या २५ मे पासून १७ सप्टेंबरपर्यंत फिलाडेल्फिया येथें जी घटनापरिषद भरली, तिच्या रोजच्या वादविवादाचीं टिपणें त्यानें स्वहस्तें लिहून ठेविलीं. परिषदेचें काम बंद दाराआड चाले, आणि तेथें बोललेलें कांहींहि परवानगीवांचून छापूं अगर प्रगट करूं नये असा नियम २९ मे रोजीं झालेला होता. परिषदेचा चिटणीस विल्यम जॅक्सन यानें काम संपतांच सुटे कागद जाळून टाकिले व नोंदवही आणि इतर कागद तेवढे वॉशिंग्टनच्या स्वाधीन केले. त्या नोंदवहींत सूचना व मतगणना आहेत, भाषणें नाहींत. तेव्हां कोण काय बोलला, कोणत्या कारणानें कोणतें कलम उभें राहिलें अगर पडलें, हें जाणण्यास मॅडिसनच्या टिपणांइतकें सलग साधन दुसरें नाहीं.

अशा साधनाविषयीं पहिला प्रश्न हा कीं, तें सर्व भागांत समकालीन आहे काय? दीडशें वर्षांहून अधिक काळ बहुतेक इतिहासकारांनीं याचें उत्तर होकारार्थी गृहीत धरिलें. मेरी सारा बिल्डर यांचा मॅडिसनच्या हस्तलिखितावरील ग्रंथ इ. स. २०१५ मध्यें हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेनें प्रसिद्ध केला आणि इ. स. २०१६ चें बॅनक्रॉफ्ट पारितोषिक त्यास मिळालें. त्यानें हें गृहीत कागदाच्याच पुराव्यावर मोडून काढिलें आहे. अमेरिकेच्या घटनेशीं आपल्या वाचकांचा संबंध दूरचा असला, तरी बाडें, बंद आणि नकला यांची पारख करणारांस या प्रकरणांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. म्हणून त्या ग्रंथाची व त्याच्या निमित्तानें मूळ बाडाची परीक्षा येथें करावयाची आहे.

२. प्रथम ग्रंथकर्त्याच्या चरित्राचे टप्पे ध्यानांत घेतले पाहिजेत. कारण टिपणांतील वाद त्या टप्प्यांवरच अवलंबून आहे. मॅडिसन व्हर्जिनियांतील जमीनदार घराण्यांतला. प्रिन्स्टन येथें विद्याभ्यास करून तो इ. स. १७७१ त पदवीधर झाला. इ. स. १७८० ते १७८३ पर्यंत जुन्या काँग्रेसमध्यें असतां मध्यवर्ती सत्तेची दुर्बलता त्यानें डोळ्यांनीं पाहिली. इ. स. १७८७ त तो बलिष्ठ मध्यवर्ती सत्तेचा कट्टा पुरस्कर्ता होता. २९ मे रोजीं रँडॉल्फनें मांडलेल्या व्हर्जिनिया योजनेच्या मुळाशीं मुख्यतः त्याचाच विचार होता. इ. स. १७८७–८८ त हॅमिल्टन व जे यांच्यासह त्यानें घटनेच्या समर्थनार्थ निबंध लिहिले. ते एकंदर ८५ आहेत. इ. स. १७८९ त प्रतिनिधिसभेंत शिरून ८ जून रोजीं त्यानें नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्या मांडिल्या.

यापुढें वळण येतें. इ. स. १७९१ त राष्ट्रीय बँकेच्या प्रश्नावर तो हॅमिल्टनच्या विरुद्ध उभा राहिला, इ. स. १७९८ त व्हर्जिनियाचे ठराव लिहून संस्थानांच्या अधिकाराचा कैवारी झाला, इ. स. १८०१ ते १८०९ जेफर्सनचा परराष्ट्रमंत्री व इ. स. १८०९ ते १८१७ स्वतः अध्यक्ष होता. त्याच्या कारकीर्दींत १८ जून १८१२ रोजीं इंग्लंडाशीं युद्ध पुकारलें गेलें आणि २४ ऑगस्ट १८१४ रोजीं इंग्रजांनीं राजधानी जाळली. ज्या बँकेस त्यानें इ. स. १७९१ त घटनाबाह्य म्हटलें, तशाच दुसऱ्या बँकेच्या सनदेवर इ. स. १८१६ त त्यानेंच सही केली. सारांश, इ. स. १७८७ चा मॅडिसन व नंतरचा मॅडिसन हे एक कीं दोन, हा त्याच्या चरित्रांतील मुख्य वाद होय. ज्या बाडावरून पहिला मॅडिसन आपण ओळखतों, तें बाड दुसऱ्या मॅडिसनच्या हाताखालून किती गेलें, हें ठरल्यावांचून तो वाद सुटणारा नाहीं.

३. आतां बाडाचा इतिहास. मॅडिसननें हीं टिपणें हयातींत छापविलीं नाहींत. सभासदांपैकीं कोणी जिवंत असेतों तीं बाहेर पडूं नयेत असा त्याचा एकंदर रोख होता, आणि घटनेवर सह्या करणारांत सर्वांचे मागून निवर्तला तो तोच, २८ जून १८३६ रोजीं. उतारवयांत त्यानें आपला मेव्हणा जॉन पेन याजकडून टिपणांची स्वच्छ नक्कल करविली. इ. स. १८३७ त काँग्रेसनें त्याची विधवा डॉली मॅडिसन हिजकडून हे कागद ३०,००० डॉलरांस विकत घेतले. उरलेल्या कागदांबद्दल इ. स. १८४८ त आणखी २५,००० डॉलर मंजूर झाले. इ. स. १८४० त हेन्री गिल्पिन याच्या संपादकत्वाखालीं तीन भागांत मॅडिसनचे कागद प्रसिद्ध झाले. त्या छापील पुस्तकांत शेवटच्या दुरुस्त्या मूळ मजकुरांत मिसळून गेल्या. खाडाखोड, ओळींमधील भर, चिकटविलेल्या चिठ्ठ्या यांचा मागमूस वाचकास लागेना. अस्सल बाड आज वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत आहे.

मधल्या काळांत दुसरे साक्षीदार पुढें आले होते. परिषदेची नोंदवही वॉशिंग्टननें इ. स. १७९६ त परराष्ट्रखात्याच्या हवालीं केली आणि ती इ. स. १८१९ त जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यानें छापविली. न्यूयॉर्कचा प्रतिनिधि रॉबर्ट येट्स याचीं टिपणें इ. स. १८२१ त बाहेर पडलीं. हीं दोन्ही पुस्तकें मॅडिसननें समोर ठेवून आपल्या बाडांत दुरुस्त्या केल्या, ही गोष्ट निर्विवाद आहे. मॅक्स फॅरंड यानें इ. स. १९११ त घटनापरिषदेचीं सर्व साधनें एकत्र करून तीन भागांत छापलीं, तेव्हां मॅडिसनच्या मागाहूनच्या दुरुस्त्या कंसचिन्हांनीं वेगळ्या दाखविल्या. फॅरंडची समजूत अशी होती कीं, मूळ टिपणें परिषदेच्या वेळचीं आणि दुरुस्त्या बहुतेक इ. स. १८१९ नंतरच्या, म्हाताऱ्या हाताच्या. इ. स. १९३० त केलर व पिअर्सन यांनीं येल येथील एक मॅडिसनचें हस्तलिखित उजेडांत आणिलें; तें परिषदेच्या नोंदवहीची त्यानें स्वतः केलेली नक्कल निघाली. ती नोंदवही छापण्याच्या कितीतरी आधीं त्याच्या हातीं आली होती, हें यावरून दिसून आलें व फॅरंडच्या कालगणनेस पहिला तडा गेला. पुढें इ. स. १९५३ त विल्यम क्रॉस्की यानें मॅडिसनवर उघड बनावटगिरीचा आरोप केला; परंतु त्या आरोपास कागदाचा आधार तोकडा असल्यामुळें तो बहुतेक विद्वानांनीं मान्य केला नाहीं.

४. बिल्डरबाईंचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं मजकुराइतकेंच कागदाकडे लक्ष दिलें. उजेडासमोर धरिलें असतां कागदांत दिसणारीं जलचिन्हें, शाई, अक्षराचें वळण, आणि बंद एकत्र शिवतांना पडलेलीं सुईचीं छिद्रें यांची त्यांनीं पानोपान तपासणी केली. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा : २१ ऑगस्ट १७८७ पर्यंतचा भाग परिषदेच्या सुमारास लिहून झाला, त्यापुढील भाग, म्हणजे जवळजवळ शेवटचा चतुर्थांश, मॅडिसननें कच्च्या टांचणांवरून इ. स. १७८९ च्या नंतर लिहून काढिला. या भागाच्या बंदांचीं छिद्रें आधींच्या भागाशीं जुळत नाहींत आणि कागदहि निराळा आहे. याखेरीज आधींच्या भागांतील कांहीं पानें, विशेषतः ज्यांवर मॅडिसनचीं स्वतःचीं भाषणें आहेत तीं, मागाहून काढून त्यांच्या जागीं नवीं घातलीं असावींत असें त्या दाखवितात. इ. स. १७८९ त जेफर्सन फ्रान्साहून परत आला, आणि पुढें त्याच्यासाठीं जॉन वेल्स एप्स या तरुण आप्तानें टिपणांची नक्कल केली. ही नक्कलहि कालनिर्णयास उपयोगी पडली आहे. कारण जो मजकूर नकलेंत आहे तो म्हातारपणचा असूं शकत नाहीं.

लेखन खंडित होण्याचें कारणहि स्वाभाविक आहे. २२ ऑगस्टच्या गुलामांच्या व्यापाराविषयींच्या उपसमितींत, ३१ ऑगस्टच्या शिल्लक विषयांच्या उपसमितींत आणि ८ सप्टेंबरच्या शब्दरचनेच्या उपसमितींत मॅडिसन सभासद होता. दिवसभर परिषद, मागाहून उपसमिति, अशा स्थितींत रात्रीं भाषणें स्वच्छ लिहून काढणें मागें पडलें असल्यास नवल नाहीं.

कागदाची खूण किती बोलकी असते याचें एक उदाहरण याच परिषदेच्या साधनांत पूर्वीं घडून गेलें आहे. दक्षिण कॅरोलिनाचा चार्ल्स पिंकनी यानें २९ मे १७८७ रोजीं घटनेचा एक मसुदा मांडला होता. तो दप्तरांत न सांपडल्यामुळें अ‍ॅडम्सनें इ. स. १८१८ त त्याजकडे विचारणा केली. पिंकनीनें जो मसुदा पाठविला तो इ. स. १८१९ च्या पुस्तकांत छापला गेला, आणि घटनेचा जनक पिंकनीच कीं काय असा भ्रम उत्पन्न झाला. त्या मसुद्याच्या कागदावर इ. स. १७९७ चें जलचिन्ह आहे. दहा वर्षांनंतर तयार झालेल्या कागदावर इ. स. १७८७ चा अस्सल मसुदा असणें शक्य नाहीं, हें सांगण्यास दुसऱ्या प्रमाणाची गरज नाहीं. खऱ्या योजनेचे तुकडे पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं जेम्स विल्सनच्या कागदांत ओळखले गेले. पिंकनीविषयींचा संशय वृद्ध मॅडिसननेंहि व्यक्त केला होता. तीच कसोटी आतां मॅडिसनच्या बाडास लागली आहे.

५. बिल्डरबाईंचा कालनिर्णय प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटतो. परंतु त्यावरून काढावयाचीं अनुमानें वेगळीं आहेत आणि तेथें विवेक पाहिजे. कोणत्याहि अशा बाडांत चार तारखा निरनिराळ्या धराव्या लागतात : प्रसंगाची तारीख, कच्च्या टांचणाची तारीख, हातांत असलेल्या पानाची तारीख, आणि त्या पानावरील दुरुस्तीची तारीख. जलचिन्हें व छिद्रें तिसरी तारीख सांगतात. दुसरीविषयीं तीं मुकीं आहेत. पान उशिराचें म्हणून मजकूर उशिराचा, असें होत नाहीं. पान उशिराचें असल्यास एवढेंच ठरतें कीं, मजकुराचा खरेपणा त्या पानानें सिद्ध होत नाहीं. तो अन्य प्रमाणांनीं सिद्ध करावा लागतो.

आपल्याकडे हा भेद अपरिचित नाहीं. सभासद हा शिवछत्रपतींच्या पदरचा, म्हणून त्याच्या बखरीस मान. परंतु ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनीं लिहिलेली, म्हणून तारखेच्या बाबतींत अस्सल पत्रापुढें ती गौण. मॅडिसनच्या बाडांत पत्राच्या मोलाचा भाग आणि बखरीच्या मोलाचा भाग असे दोन्ही एकाच शिवणींत आले आहेत, आणि दोहोंचें हस्ताक्षर एकाच माणसाचें आहे. फसगत होते ती त्यामुळें. पुढील तीन प्रकरणांवरून वरील नियम कसा लागू पडतो हें स्पष्ट होईल.

६. पहिलें प्रकरण गुलामगिरीचें. २५ ऑगस्टच्या टिपणांत, गुलामांच्या आयातीवरील कराची चर्चा चालू असतां, माणसावर माणसाची मालकी असूं शकते ही कल्पना घटनेंत येऊं देणें अयोग्य होय, अशा अर्थाचें मॅडिसनचें बोलणें नमूद आहे. शॉन विलेन्ट्झ यांनीं इ. स. २०१८ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचें नांवच या बोलण्यावरून घेतलें आहे, आणि घटनाकारांनीं गुलामांवरील मालकीस मुद्दाम मान्यता नाकारली या त्यांच्या प्रतिपादनांत त्यास महत्त्वाचें स्थान आहे. परंतु बिल्डरबाईंच्या कालनिर्णयाप्रमाणें हें पान इ. स. १७८९ नंतरचें ठरतें. मग या वाक्याची किंमत काय?

दुसरे साक्षीदार पाहूं गेल्यास, येट्स व लान्सिंग हे १० जुलै रोजींच निघून गेले होते. रूफस किंगचीं टिपणें उत्तरार्धांत विरळ होतात. मॅक्हेन्रीचीं त्रोटक आहेत. घटनेचा मजकूर मात्र समोर आहे : त्यांत गुलाम हा शब्द टाळून 'व्यक्ति' असा शब्द घातला आहे. मेरीलंडचा लूथर मार्टिन हा घटनेचा विरोधक, त्यानें इ. स. १७८७–८८ च्या हिवाळ्यांत छापलेल्या निवेदनांत, लोकांस किळस येईल असे शब्द मुद्दाम टाळले, पण त्या शब्दांनीं ज्या गोष्टी व्यक्त होतात त्या घटनेंत घेण्यास कोणी कांकूं केली नाहीं, असें सांगितलें आहे. म्हणजे शब्द टाळला ही गोष्ट समकालीन व प्रतिकूल साक्षीनें सिद्ध आहे; तो तत्त्वासाठीं टाळला कीं लाजेस्तव, हें सिद्ध नाहीं. उलट इ. स. १७८८ त छापलेल्या व मॅडिसनच्या मानल्या जाणाऱ्या ५४ व्या निबंधांत, कायद्याच्या दृष्टीनें गुलाम हे अंशतः व्यक्ति व अंशतः मालमत्ता होत असा युक्तिवाद दक्षिणेच्या बाजूनें मांडलेला आहे. मॅडिसन स्वतः शंभराहून अधिक गुलामांचा धनी होता आणि मृत्युपत्रांत त्यानें एकासहि मुक्त केलें नाहीं. याच टिपणांच्या प्रकाशनाच्या उत्पन्नांतून मुक्त कृष्णवर्णीयांस आफ्रिकेंत वसविणाऱ्या संस्थेस २,००० डॉलर द्यावे, असें मात्र त्यानें लिहून ठेविलें.

यावरून तें वाक्य खोटें ठरत नाहीं. कच्च्या टांचणांत तें असूं शकेल. परंतु इ. स. १७८७ च्या ऑगस्टमधील परिषदेचें मत म्हणून एवढा मोठा सिद्धांत त्या एकट्या वाक्यावर उभारणें धोक्याचें आहे. विलेन्ट्झ यांच्या ग्रंथांत इतर पुरावा भरपूर आहे. त्यांनीं त्यावरच भर दिला असता तर त्यांची इमारत अधिक भक्कम झाली असती.

७. दुसरें प्रकरण बँकेचें. २ फेब्रुवारी १७९१ रोजीं प्रतिनिधिसभेंत बँकेस विरोध करतांना मॅडिसननें सांगितलें कीं, मंडळ्यांस सनदा देण्याचा अधिकार परिषदेपुढें सुचविला गेला होता व तो नाकारला गेला, हें आपणांस चांगलें आठवतें. १५ फेब्रुवारीच्या आपल्या अभिप्रायांत जेफर्सननें हीच गोष्ट अधिक तपशिलानें दिली : प्रथम कालवे खणण्याची सूचना, तीस सनदांची उपसूचना, आणि दोहोंचा नकार. २३ फेब्रुवारी रोजीं हॅमिल्टननें उत्तर दिलें कीं, त्या सूचनेचें स्वरूप काय व ती कां फेटाळली, हें कोणत्याहि विश्वसनीय कागदावरून अगर बिनचूक आठवणीवरून ठरत नाहीं. वॉशिंग्टननें २५ फेब्रुवारी रोजीं बँकेच्या कायद्यावर सही केली.

हॅमिल्टन ज्या कागदाचा अभाव दाखवीत होता तो कागद मॅडिसनच्या पेटींत होता, निदान टांचणाच्या रूपानें. १४ सप्टेंबर १७८७ च्या टिपणांत ही सर्व चर्चा आहे : फ्रँकलिनची कालव्यांची सूचना, मॅडिसनची सनदांविषयींची व्यापक उपसूचना, बँकेच्या नांवानें फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथें कलह माजेल अशी किंगची भीति, आणि शेवटीं तीन विरुद्ध आठ मतांनीं नकार. बिल्डरबाईंच्या मोजणीप्रमाणें हेंहि पान उशिराच्या भागांतील आहे. तेव्हां बँकेच्या वादासाठींच हें रचलें काय, असा संशय येणें साहजिक आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मतें तो संशय येथें टिकत नाहीं. एक तर जेफर्सनच्या अभिप्रायावरून मजकुराची खालची मर्यादा ठरते : कालवे व सनदा हा तपशील १५ फेब्रुवारी १७९१ पूर्वीं निश्चितपणें अस्तित्वांत होता. दुसरें आणि अधिक महत्त्वाचें हें कीं, टिपणांप्रमाणें ती उपसूचना आणणारा मॅडिसन स्वतःच होता. सभेंतील भाषणाच्या उपलब्ध वृत्तांत त्यानें सूचना कोणाची हें सांगितलेलें नाहीं. जो अधिकार मध्यवर्ती सत्तेस नसावा म्हणून तो इ. स. १७९१ त भांडत होता, तो तीस असावा अशी खटपट इ. स. १७८७ त त्यानेंच केली, हें बाड सांगतें. आपल्या सोयीसाठीं लिहिणारा मनुष्य आपल्या विरुद्ध जाणारी ही गोष्ट घालता ना. लेखकाच्या हिताविरुद्ध असलेली नोंद अधिक विश्वासार्ह, हा नियम येथें पूर्णपणें लागू पडतो.

८. तिसरें प्रकरण संस्थानांच्या सार्वभौमत्वाचें. संस्थानांचा कोणताहि कायदा रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रीय विधिमंडळास असावा, या पिंकनीच्या सूचनेस मॅडिसननें ८ जून १७८७ रोजीं अनुमोदन दिलें. १७ जुलै रोजीं याच प्रकारची तरतूद परिषदेनें फेटाळली. त्याचें हें मत समकालीन पत्रांतहि आहे; २४ ऑक्टोबर १७८७ च्या जेफर्सनला लिहिलेल्या दीर्घ पत्रांत त्यानें नकाराबद्दल खेद व्यक्त करून आपली बाजू सविस्तर मांडली आहे. इ. स. १७९८ च्या ठरावांच्या कर्त्यास ही नोंद अडचणीची होती, तरी ती त्यानें बाडांतून पुसली नाहीं.

परंतु २९ जूनच्या भाषणाची गोष्ट निराळी आहे. येट्सच्या टिपणांत मॅडिसन संस्थानांस केवळ पोटनियम करणाऱ्या मोठ्या नगरमंडळ्यांच्या पंक्तीस बसवितो. मॅडिसनच्या बाडांत तितकी कडक भाषा नाहीं. इ. स. १८३३ च्या सुमारास, दक्षिण कॅरोलिनाचा वाद पेटला असतां, मॅडिसननें येट्सचा वृत्तांत विपर्यस्त आहे असें पत्रांतून ठासून सांगितलें. येथें खरा कोण? येट्स इ. स. १८०१ त वारला. त्याचीं टिपणें लान्सिंगच्या नकलेवरून छापलीं गेलीं आणि छापण्याच्या कामांत फ्रान्सचा पूर्वीचा वकील झने याचा हात होता. या झनेनें इ. स. १८०८ च्या निवडणुकींत आपला सासरा जॉर्ज क्लिंटन याच्या बाजूनें व मॅडिसनच्या विरुद्ध याच टिपणांतील उतारे छापले होते. नकलेचीं जीं थोडीं पानें वांचलीं आहेत त्यांशीं छापील मजकूर ताडून, झनेनें त्यांत फेरफार केले असें काँग्रेसच्या ग्रंथालयांतील जेम्स हटसन यांनीं इ. स. १९८६ त दाखवून दिलें. म्हणजे एका बाजूस स्वतः दुरुस्त केलेलें बाड आणि दुसऱ्या बाजूस प्रतिपक्ष्यानें दुरुस्त केलेलें पुस्तक. अशा स्थळीं निर्णय राखून ठेवणें हेंच शास्त्रशुद्ध होय.

९. ग्रंथाविषयीं आतां दोन आक्षेप. बिल्डरबाई मॅडिसनला लबाड ठरवीत नाहींत. क्रॉस्कीचा आवेश त्यांच्यांत नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. टिपणें म्हणजे राजकारणी पुरुषानें स्वतःच्या उपयोगासाठीं ठेविलेली रोजनिशी होती व पुढें ती इतिहासाचें साधन म्हणून तो घडवीत गेला, हें त्यांचें म्हणणें मार्मिक आहे. परंतु कांहीं पानें बदललीं एवढें सिद्ध झाल्यावर, जुन्या पानावर काय असावें याविषयींचें त्यांचें लेखन कित्येक ठिकाणीं अनुमानाच्या पलीकडे जातें. गहाळ पानाचा मजकूर कल्पनेनें भरतां येत नाहीं. रिकामी जागा रिकामी म्हणून दाखविणें हेंच संपादकाचें काम. दुसरें असें कीं, प्रत्येक बदलामागें राजकीय हेतु शोधण्याकडे त्यांचा कल दिसतो. मॅडिसन नोंदवही पाहून मतगणना सुधारतो, इतरांकडून त्यांच्या भाषणांच्या प्रती मिळवून घालतो. यांत पुष्कळसा भाग चोखंदळ नोंदकाराचा आहे, मुत्सद्द्याचा नव्हे.

तथापि मॅडिसनच्या बाजूनें फार बोलतां येणार नाहीं, असेंहि एक प्रकरण आहे. जेफर्सनला लिहिलेल्या एका जुन्या पत्रांत लाफायेतविषयीं त्यानें प्रतिकूल शेरा मारला होता. उतारवयांत तें पत्र परत हातीं आल्यावर त्यानें तो शेरा शाईनें बुजविला, आणि जेफर्सनच्या हस्ताक्षराची नक्कल करून दुसरा मजकूर भरला. मित्राची कीर्ति राखावी हा हेतु सौजन्याचा असेल. कृत्य मात्र अस्सल कागद बिघडविण्याचेंच आहे. ज्या हातानें हें केलें त्याच हाताचें बाड केवळ त्याच्या थोरवीवर विसंबून स्वीकारतां येत नाहीं.

१०. एकंदर निर्णय असा : २१ ऑगस्टपर्यंतचा भाग, बदललेलीं पानें व उघड दुरुस्त्या वगळून, समकालीन साधन म्हणून ग्राह्य. त्यापुढील भाग समकालीन साक्षीदाराचें मागाहूनचें लेखन म्हणून ग्राह्य. मात्र प्रत्येक वादग्रस्त स्थळीं पत्रें, इतरांचीं टिपणें अगर लेखकाच्या हिताविरुद्धची नोंद यांपैकीं कांहीं पाठबळ पाहिजे. इ. स. १७८७ चा बलिष्ठ सत्तावादी मॅडिसन हा मागाहून बनविलेला नाहीं. पत्रें त्याची ग्वाही देतात. तो पुढें बदलला हेंहि खरें, आणि बदलल्यावरहि आपलें पूर्वीचें रूप त्यानें बाडांतून सर्वस्वीं घालविलें नाहीं, ही त्याच्या पक्षाची मोठी साक्ष होय.

या टिपणांच्या अधिकाराची मर्यादा त्यानें स्वतःच घालून ठेविली होती, हें पुष्कळजण विसरतात. इ. स. १७९६ त जे याच्या तहाच्या वादांत वॉशिंग्टननें ३० मार्च रोजीं परिषदेच्या नोंदवहीचा दाखला प्रतिनिधिसभेस दिला. तेव्हां ६ एप्रिल रोजीं मॅडिसननें उत्तर केलें कीं, परिषदेनें केला तो केवळ मसुदा. त्यांत प्राण आला तो संस्थानांच्या मान्यतासभांमुळें, म्हणून अर्थ पहावयाचा तर तेथें पहावा. ज्यापाशीं परिषदेचीं सर्वांत सविस्तर टिपणें होतीं त्यानेंच हें म्हटलें. अमेरिकेंतील न्यायालयांत व ग्रंथांत या टिपणांतील एकेका वाक्यावर जो भार घातला जातो, तो घालणारांनीं मालकाचें हें मत लक्षांत ठेवावें.

शेवटीं आपल्या संग्राहकांस एक विनंति. मॅडिसनच्या बाडाचा काल ठरला तो अक्षरांवरून नव्हे, तर सुईच्या छिद्रांवरून व कागदाच्या खुणेवरून. एखाद्या शहाण्या बुकबांधणाऱ्यानें तें बाड उसवून, कडा कापून, नवें शिवून सुबक केलें असतें, तर हा पुरावा कायमचा नष्ट झाला असता. आपल्याकडील बाडें हातीं येतांच तीं उसवून नीटनेटकीं करण्याची घाई होते, समास कापले जातात, जुना दोरा टाकून दिला जातो. बाड उसवण्यापूर्वीं बंदांचा क्रम, छिद्रांचीं अंतरें, दोरा, कागदाची जात व जलचिन्ह असल्यास त्याचा ठसा यांची नोंद करावी. दुरुस्त्या कोणत्या शाईच्या हें लिहून ठेवावें. आणि नक्कल छापतांना खोडलेला मजकूरहि छापावा.